गल्लीजवळचा घाट सुधारायचाय? सुरुवात कुठनं करायची

पावसाळ्यात सांगलीत कुणी कुणाला फोन केला की पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला पाणी किती?", म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी. पुण्यात राहणारा सांगलीकरपण हेच विचारतो. माझ्या मते आपल्या गावाची खरी ओळख ही आहे, त्यामुळं घाटाचं काम काढायचं तर आधी पाण्याची पातळी समजून घ्या, ड्रॉइंग नंतर.

१९२९ च्या आयर्विन पुलावर ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. घाटाजवळच्या जुन्या घरांच्या भिंतीवर त्या पुराची खूण सापडते, घरमालकाला विचारलं की तो बोट ठेवून दाखवतो. मग गवंड्याकडनं लेव्हलची नळी आणायची, तीच पाणी भरलेली पारदर्शक, आणि त्या खुणेपासून घाटाची प्रत्येक पायरी किती फूट खाली आहे ते वहीत लिहायचं. एका रविवारचं काम आहे, पण पुढं कुणी "इथं लाईटचा पॅनेल बसवू" म्हटलं की तो कधी बुडणार ते तुम्ही तिथल्या तिथं सांगू शकता. सोबत पूररेषेचा नकाशा मिळवा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. मागून मिळाला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपये फी आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

दुसरं, आठ दिवस वेगवेगळ्या वेळेला घाटावर नुसतं जाऊन बसा. पहाटे पोहणारे, मग धुणं घेऊन आलेल्या बायका, दहाव्याचे विधी, गळ टाकून बसलेली पोरं, संध्याकाळी कट्ट्यावरची म्हातारी माणसं, कोण कुठल्या पायरीवर असतं ते लिहा आणि त्यांना अडचण काय ते विचारा. मी विचारलं तेव्हा एका आजींनी सांगितलं, "शेवाळावर पाय घसरतो रे बाबा, धरायला एक कडी लावा." घाट सुधारायच्या अख्ख्या चर्चेत कारंजं, सेल्फी पॉइंट सगळं आलेलं, कडी कुणाच्याच डोक्यात नव्हती! गणपती विसर्जन आणि होड्यांच्या शर्यतीच्या दिवशी गर्दी कुठनं उतरते तेपण बघा, ती वाट अडली तर घाट आपला राहत नाही.

नाल्याचं काम सगळ्यात अवघड आणि सगळ्यात आधीचं. गावाचं सांडपाणी कृष्णेत आणणाऱ्या शेरीनाल्याचा प्रश्न गावात किती वर्षं चाललाय ते सगळ्यांना माहितीय. मे महिन्यात पाणी उतरलेलं असतं तेव्हा काठानं चालत जा, नाल्याची तोंडं उघडी पडतात, फोटो आणि लोकेशन घ्या. घाण पाणी तसंच नदीत येत असताना वर फरशी बसवण्यात अर्थ नाही हे मी मनापासून सांगतो.

बरेच जण अहमदाबादच्या साबरमती रिव्हरफ्रंटचं उदाहरण देतात. तिथं दोन्ही काठांना मिळून वीसेक किलोमीटर काँक्रीटच्या भिंती आहेत आणि पात्रात नर्मदेचं पाणी कालव्यानं आणून सोडतात. आपली कृष्णा कोयनेचं पाणी घेऊन गावात शिरते, तिचं पात्र आवळलं तर ते पाणी आपल्याच घरात येणार, म्हणून काठाची माती मोकळी ठेवा आणि तिथं वाळुंज, करंज, उंबर लावा.

बांधकामात पायऱ्या काळ्या दगडाच्या मागा, गुळगुळीत ग्रॅनाइट नको. सलग रेलिंग नको, त्यात जलपर्णी आणि फांद्या अडकून पाण्याच्या जोरानं ते उपटतं, सुटे खांब आणि कड्या चालतात. दिवे आणि बाकडी पावसाळ्याआधी काढून ठेवता येतील अशी बोल्टची. आणि जेसीबी खाली उतरेल एवढा एक उतार हवाच, कारण पूर ओसरला की गाळ ओला असतानाच नदीच्याच पाण्यावर पंप लावून धुवून काढावा लागतो, आठवडा गेला की तो वाळून घट्ट होतो आणि मग टिकावानं खणावा लागतो. हा गाळ कोण काढणार, पंप कुणाचा, डिझेलचे पैसे कुठनं, हे निवेदनात वेगळा मुद्दा करून लिहा आणि बजेटच्या आधी, डिसेंबर-जानेवारीत, नगरसेवक आणि महापालिका दोघांकडं देऊन पोच घ्या.