एकाच डिस्टिलरीच्या वेगवेगळ्या वयाच्या व्हिस्की ताडून बघताना आधी पाणी मोजा

स्कॉटलंडच्या ग्लेनफार्क्लास डिस्टिलरीची १० वर्षांची (म्हणजे तेवढी वर्षं पिंपात मुरलेली) सिंगल मॉल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की, ४० टक्के अल्कोहोलची असते, १२ वर्षांची ४३ आणि १५ वर्षांची ४६. तिन्ही तशाच शेजारी ठेवल्या की १५ वर्षांची दमदार लागणारच. पण तो दम वयाचा की अल्कोहोलचा, हे कळत नाही. म्हणून तिन्ही आधी एका पातळीवर आणायच्या.

१. एकाच आकाराच्या तीन ग्लासांत २०-२० मिली ओता. ग्लास वर निमुळते असतील तर उत्तम, वास टिकतो.

२. मेडिकलमधून बिनसुईची नवी सिरिंज आणा. ४३ टक्केवालीत १.५ मिली, ४६ टक्केवालीत ३ मिली साधं पिण्याचं पाणी घाला. आता तिन्ही ४० टक्क्यांवर आल्या. (हिशेब सोपा आहे: मिली गुणिले बाटलीवरचे टक्के, भागिले ४०; उत्तरातून मूळ मिली वजा केले की उरतं तेवढं पाणी.) बर्फ नको, गारठ्याने वास दबतो.

३. ग्लासांवर बश्या झाकून पाच-दहा मिनिटं थांबा.

४. ग्लासांच्या बुडाला चिठ्ठ्या चिकटवून दुसऱ्या कुणाला जागा बदलायला सांगा. आधी तिन्हींचा फक्त वास घ्या, मग घोट. शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात मुरल्याने येणारा मनुका-सुकामेव्याचा वास कुठे नुसता वर तरंगतोय आणि कुठे घोटानंतरही जिभेवर रेंगाळतोय, इथेच वयाचा खरा फरक सापडतो. माझ्या मते किमतीपेक्षा हे रेंगाळणं जास्त बघावं.

एक मात्र सांभाळा: बाटल्या साधारण एकाच सुमाराला उघडलेल्या हव्यात. महिनोन्महिने अर्धी रिकामी राहिलेली बाटली हवेने फिकी पडते आणि वयाच्या नावावर भलताच निकाल लागतो.