खुब्यातलं इन्फेक्शन: दोन ऑपरेशनांच्या मधल्या दिवसांची तयारी

हिप रिप्लेसमेंटमध्ये इन्फेक्शन झालंय, बसवलेला सांधा काढावा लागेल, असं सर्जननी सांगितलं की घरातले सगळे ऑपरेशनच्या तारखेमागे लागतात. रजा टाकल्या जातात, बॅग भरली जाते, पैशांची जुळवाजुळव होते. मी घरी जाऊन व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट. मला पेशंट भेटतो तो डिस्चार्जनंतर, आणि बहुतेक घरांत तयारी झालेली असते आठ-दहा दिवसांची, काढायचे असतात दोन-तीन महिने. म्हणून ही यादी त्या मधल्या दिवसांकडे जास्त बघते.

सर्जनना पहिला प्रश्न हाच विचारा: ऑपरेशन एक की दोन? जंतू धातूवर आणि प्लॅस्टिकवर चिकट थर करून बसतात आणि त्या थराखाली औषध नीट पोचत नाही, म्हणून नुसत्या गोळ्या-इंजेक्शनांवर हे सहसा निभत नाही. पहिल्या ऑपरेशनला महिना उलटला नसेल, किंवा त्रास अचानक सुरू होऊन दोन-तीन आठवडेच झाले असतील, तर सांधा उघडून, धुऊन, फक्त बॉल आणि कपाचं अस्तर बदलून भागू शकतं. त्यापेक्षा जुनं इन्फेक्शन असेल तर सगळं काढायचं. काढून त्याच बैठकीत नवा सांधा बसवायचा, किंवा मध्ये अँटिबायोटिक कालवलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा, म्हणजे स्पेसर ठेवायचा आणि साधारण ६ ते १२ आठवड्यांनी दुसरं ऑपरेशन करायचं. सिमेंटमध्ये अँटिबायोटिक मिसळण्याचं काम हॅम्बुर्गच्या बुखहोल्त्स यांनी १९७० च्या सुमारास पुढे आणलं, आणि एकाच बैठकीत सगळं बदलण्याची पद्धतही त्याच शहरात रुळली. ब्रिटन आणि स्वीडनमधल्या १४० पेशंटचा अभ्यास २०२२ मध्ये आला. दीड वर्षाअखेर दोन्ही पद्धतींचे पेशंट दुखणं आणि हालचाल यांत सारखेच होते, पहिल्या तीन महिन्यांत मात्र एका ऑपरेशनवाले बरे होते. पण जंतू कोणता आहे, हाड किती शिल्लक आहे, जखमेची कातडी कशी आहे, यावर निवड ठरते. शेजारच्या काकांचं एकात झालं म्हणून आपलंही व्हावं, असा आग्रह धरू नका.

जंतू सापडणं हीच अर्धी लढाई, आणि ती घरूनच बिघडते. खुबा दुखतोय, बारीक ताप आहे, म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांकडून पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स घेतला, की सांध्यातलं पाणी काढून कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायला पाठवलं तरी काही उगवत नाही. सर्जन शक्यतो अँटिबायोटिक दोन आठवडे बंद ठेवून मग सुईने पाणी काढतात. जखमेतून पाझर दिसला तरी स्वतःच्या मनाने गोळी नको. थंडी वाजून जोराचा ताप आला, पेशंट गळून गेला, बरळायला लागला, तर मात्र वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. कल्चर १४ दिवस ठेवायला सांगितलंय का, तेही विचारून घ्या, कारण काही जंतू सावकाश वाढतात. ऑपरेशनमध्ये पाच-सहा ठिकाणचे तुकडे वेगवेगळे तपासायला जातात. त्यांचे रिपोर्ट डिस्चार्जनंतरही येत राहतात, ते कोण आणणार हे घरात आधी ठरवा.

फाईल शोधा. सगळ्यात जास्त धावपळ इथेच होते. पहिल्या ऑपरेशनचं नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. ऑपरेशन नोट हवी, आणि तिच्यावर चिकटवलेले इम्प्लांटचे स्टिकर हवेत. कंपनी कोणती, मॉडेल आणि साइज काय, स्टेम, म्हणजे मांडीच्या हाडात घुसवलेला दांडा, सिमेंटने बसवलाय की बिनसिमेंटचा, हे कळलं तर तो काढायची हत्यारं आधीच मागवता येतात. फाईल हरवली असेल तर जुन्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज द्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असतात, पण जपून ठेवायची सक्ती तीनच वर्षांची आहे. त्यामुळे जुनं ऑपरेशन असेल तर आजच जा.

शरीराची तयारी म्हणजे साखर, दात, लघवी आणि कातडी. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा डॉक्टरांना हवा तिथे आणा. किडलेला दात, लघवीतलं इन्फेक्शन, पायाच्या बोटांमधल्या चिखल्या, टाचेची उघडी भेग, हे सगळं आधी दाखवून घ्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या, संधिवाताची औषधं आणि स्टेरॉइड यांची यादी भूलतज्ज्ञांच्या हातात द्या. काय कधी बंद करायचं ते तेच सांगतील. तंबाखूबद्दल विचारलं की पुरुष निदान ओशाळून हो म्हणतात. आजी मात्र मिश्रीबद्दल अवाक्षर काढत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणं असतं. निकोटिन तेच, जखम भरायला तेवढंच वाईट, तेव्हा सुनेने नाही तर लेकीने सांगून टाकावं. आणि या काळात उपास नको. साबुदाण्यात प्रोटीन नावालाच असतं. अंडी, डाळ, पनीर, मासे, जे पचेल आणि डॉक्टर चालेल म्हणतील ते रोज पोटात जायला हवं.

पैशांचं थोडक्यात. ॲडमिशन दोनदा, इम्प्लांटचा खर्च दोनदा, मधली इंजेक्शनं वेगळी. विमा असेल तर दोन्ही ऑपरेशनं एकाच पॉलिसी-वर्षात येतात का, घरी चालणारी इंजेक्शनं डिस्चार्जनंतरच्या खर्चात किती दिवस धरतात, हे टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेकडून लेखी घ्या. रक्ताच्या किती पिशव्या लागतील आणि बदली रक्तदाते हवेत का, हे ब्लड बँकेत विचारून ठेवा.

आता घर. स्पेसर असताना पायावर किती भार द्यायचा हे सर्जन सांगतात, बरेचदा फक्त पाऊल टेकवण्यापुरता. म्हणजे वॉकर आलाच, आणि त्याची रबरी बुचं झिजलेली नकोत. खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, पाय एकमेकांवर टाकायचे नाहीत, पाऊल आत वळवायचं नाही. थोडक्यात जमीन, पाट, भारतीय पद्धतीचा संडास आणि खोल सोफा, चारही बाद. सर्जिकलच्या दुकानातून कमोड खुर्ची आणलीत की तिच्या चारही पायांचे खटके बोटाने चाचपून बघा. एखादं बटण भोकातून पूर्ण बाहेर आलेलं नसतं, खुर्ची उभी नीट दिसते, आणि पेशंटने एका कुशीवर भार टाकला की तो पाय आत सरकतो. खुर्चीची आणि पलंगाची उंची एवढी हवी की बसल्यावर गुडघे खुब्याच्या खालीच राहतील. बाथरूममध्ये बादली स्टुलावर ठेवा, खाली वाकून तांब्या बुडवणं नको. मागे पट्टा असलेली सँडल हवी. स्पेसर असताना पाय थोडा आखूड वाटू शकतो. तेव्हा पावलाखाली पातळ फळ्या ठेवून फरक मोजून घेते आणि सर्जन हो म्हणाले तर चांभाराकडून त्या सँडलला तेवढा सोल लावून घेते. चाल लगेच सुधारते. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर हे महिने तळमजल्याच्या नातेवाइकांकडे काढता येतील का बघा, कारण ड्रेसिंग आणि रक्ततपासणीसाठी खाली उतरावंच लागतं. रिक्षापेक्षा गाडी बरी. पुढची सीट मागे सरकवून वर घट्ट उशी ठेवा.

औषधांची तयारी वेगळी करावी लागते. शिरेतून द्यायची इंजेक्शनं आठवडे-आठवडे चालली तर दंडातून पिक लाइन, म्हणजे शिरेत बरेच दिवस ठेवता येणारी लांब बारीक नळी टाकतात. ती धुणार कोण, नर्स घरी येणार की रोज डे-केअरला जायचं, हे डिस्चार्जच्या आधी ठरलेलं असावं. गोळ्यांवर येता येईल का, हे विचारायला लाजू नका. ब्रिटनमधल्या हजारावर पेशंटच्या अभ्यासात, जो २०१९ मध्ये छापून आला, हाडा-सांध्यांच्या इन्फेक्शनला योग्य निवडलेल्या गोळ्या इंजेक्शनांपेक्षा कमी ठरल्या नाहीत. मात्र बरं वाटतंय म्हणून कोर्स तोडू नका. फ्रान्समध्ये २०२१ च्या अभ्यासात कृत्रिम सांध्यांच्या इन्फेक्शनला सहा आठवडे औषध घेणाऱ्यांत सुमारे १८ टक्क्यांचं इन्फेक्शन टिकून राहिलं, बारा आठवडे घेणाऱ्यांत ९ टक्क्यांचं. रिफाम्पिसिन हे अँटिबायोटिक असेल तर लघवी केशरी होते, ते रक्त नव्हे. पण त्याने रक्त पातळ करायच्या आणि साखरेच्या काही गोळ्यांचा असर उतरतो, म्हणून फॅमिली डॉक्टरांना कळवा. लेव्होफ्लॉक्सासिनसारखी गोळी कॅल्शियम, लोह किंवा ॲसिडिटीच्या औषधासोबत घेतली तर अंगी लागत नाही, मध्ये काही तासांचं अंतर हवं. तिच्यावर असताना टाचेच्या मागची शीर दुखली तर लगेच सांगा.

मधल्या महिन्यांत सीआरपीचा, म्हणजे शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा आकडा घराचा मूड ठरवू लागतो. ऑपरेशननंतर तो चढतोच आणि उतरायला काही आठवडे घेतो, एका रिपोर्टवर रडू नका. एक साधी वही घाला: ताप, जखमेचा फोटो कधी काढला, गोळ्या, किती पावलं चालले. अचानक कळ येऊन पाय आखूड झाला किंवा बाहेर-आत वळला तर स्पेसर निसटला किंवा मोडला असू शकतो. पाय टेकवू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा. पोटरी एकाच बाजूची सुजली तरी त्याच दिवशी दाखवा, आणि दम लागला किंवा छातीत दुखलं तर तासही घालवू नका.

दुसऱ्या ऑपरेशनची तारीख पक्की समजू नका. जखम भरली नाही किंवा तपासणीत शंका आली तर ती पुढे जाते, आणि कधी स्पेसरच बदलावा लागतो. रजा टाकताना, सांभाळणारी बाई ठरवताना, गावाहून बहिणीला बोलावताना एक महिना जास्तीचा धरा. नवा सांधा बसल्यावरही गोळ्या चालू राहू शकतात, आणि वाकण्या-बसण्याची पथ्यं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, त्यामुळे कमोड खुर्ची भाड्याने आणली असेल तर एवढ्यात परत करू नका.