वय लहान वाटतंय? दारू विकायला नकार कसा द्यावा

मिसरूड फुटलं म्हणजे वय भरलं असं नाही, आणि नुसत्या चेहऱ्यावरून वय ओळखण्यात भलेभले चुकतात. म्हणून अंदाज बांधायच्या भानगडीत न पडता आधीच एक रेघ ठरवून टाका. ब्रिटनमध्ये दारू विकत घ्यायचं वय १८ आहे, पण तिथली बरीच दुकानं पंचविशीच्या आतल्या वाटणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागतात. कायद्याचं वय सगळीकडे सारखं नसतं. जपानमध्ये ते २० आहे, अमेरिकेत २१. तुमच्याकडे जे असेल त्यावर पाच-सात वर्षं वाढवून धरा आणि तसा फलक गल्ल्याजवळ लावा.

ओळखपत्र मागायचं ते बिल करण्याआधी. एकदा पैसे हातात आले की ‘नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही.

कार्ड हातात घेऊन बघा. पाकिटाच्या प्लास्टिकआडून दाखवलेलं चालवून घेऊ नका, मोबाइलमधला फोटो तर नकोच. केस आणि चष्मा बदलतात, त्यामुळे कान, हनुवटी, नाकाची ठेवण जुळवा. जन्मसालाच्या आकड्यांवरून अंगठा फिरवा. खाडाखोड झालीच असेल तर ती बहुधा तिथेच हाताला लागते. मग वजाबाकी. गर्दीच्या वेळी ती हमखास चुकते, कारण साल जुळतं पण वाढदिवस अजून दोन महिने लांब असतो. यावर सोपा उपाय म्हणजे रोज दुकान उघडताना एका चिठ्ठीवर तारीख लिहून ठेवणे. वयाची अट २१ असेल, तर ५ मार्च २०२६ रोजी चिठ्ठीवर ‘५ मार्च २००५’ असं हवं. त्यानंतर जन्मलेल्याला द्यायची नाही.

नकार देताना दोन वाक्यं पुरतात: “ओळखपत्राशिवाय मला देता येणार नाही. घेऊन या, मग बघू.” समोरचा कितीही पोरगेला वाटला तरी अरे-तुरे करू नका. “लहान दिसतोस” असं तर चुकूनही म्हणू नका, मित्रांसमोर ते फार झोंबतं. कारणं देत बसलात की हुज्जत वाढते. पुन्हा विचारलं तर तीच वाक्यं, त्याच आवाजात.

तो चिडला तर काउंटर सोडून बाहेर येऊ नका, कार्ड अडकवून ठेवू नका, बाटली मात्र आपल्या बाजूला ओढून घ्या. शिवीगाळ वाढली तर सहकाऱ्याला हाक मारा, गरज पडली तर पोलिसांना फोन करा.

खरी कसोटी दुसऱ्याच प्रकारात लागते. मुलं बाहेर थांबतात आणि मोठ्या माणसाला आत पाठवतात. दारातून पैसे हातात देताना दिसले, किंवा तो माणूस “कुठली रे?” म्हणून बाहेर ओरडून विचारतोय, तर त्याचं वय भरलेलं असलं तरी विकू नका.

प्रत्येक नकार वहीत टिपून ठेवा: तारीख, वेळ, काय मागितलं, अंगावर काय होतं. पुढच्या पाळीवाल्याला तोंडीही सांगा, कारण दुपारी परत पाठवलेला मुलगा रात्री माणूस बदलला की पुन्हा नशीब आजमावायला येतो. आणि मालक असाल तर नोकराने नाही म्हटल्यावर मागून “जाऊ दे, ओळखीचा आहे, दे त्याला” असं म्हणू नका. तो नोकर त्यानंतर कुणालाच अडवणार नाही.