गेम अडखळतो, पीसी गोठतो: उन्हाळ्यातली तपासणी

भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून घरी जुळवलेला पीसी अडखळू लागला की आधी तापमान बघा. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर सुरू ठेवून अर्धा तास गेम खेळा. प्रोसेसर ९५-१०० अंशांना पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो आणि चित्र अडखळतं. पीसी बंद करून केबिनेट उघडा. जिनिंगच्या आसपास कापसाचे तंतू धुळीत मिसळून प्रोसेसरवरच्या कूलरच्या पात्यांत घट्ट बसतात. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर भरधाव फिरून बेअरिंग खराब होतं. प्रोसेसर आणि कूलरमधली जुनी थर्मल पेस्ट पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावा. वाळ्याच्या कूलरची ओलसर हवा उघड्या केबिनेटवर मात्र अजिबात सोडू नका.

तापमान ठीक असूनही पीसी पूर्ण गोठतो? मग संशय रॅमवर. दोनच पट्ट्या असतील तर बहुतेक मदरबोर्डांवर त्या प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करून बघा. गोठणं थांबलं तर तो वेग झेपत नव्हता. नाहीतर एकेक पट्टी लावून मेमटेस्ट८६ ही रॅम तपासणारी चाचणी रात्रभर चालवा.

गेम रंगात आला की पीसी रीस्टार्ट होत असेल, तर पॉवर सप्लाय तपासा. ग्राफिक्स कार्डाला दोन जोडण्या असतील तर दोन स्वतंत्र केबल द्या.