डोळ्यात जंत वळवळताना दिसला तर

मी कोकणात डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरात सिस्टर आहे. "सिस्टर, डोळ्यात काहीतरी वळवळतंय" असं सांगत पेशंट येतो आणि तोवर ते आत सरकून दिसेनासं झालेलं असतं. म्हणून हालचाल दिसताक्षणी घरातल्या कुणालातरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला लावा. पापणी हलकेच वर धरायची, उजेड बाजूने घ्यायचा. डोळा चोळू नका, घरी चिमटा तर अजिबात लावू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

आपल्या भागात हा बहुतेकदा डायरोफिलारिया रेपेन्स असतो. मूळचा कुत्र्याच्या कातडीखाली राहणारा. कुत्र्याला चावलेल्या डासाच्या अंगात त्याची अळी वाढते आणि पुढच्या चाव्यातून माणसात उतरते. केरळात असे पेशंट बरेच सापडलेत. माणसात सहसा एकच जंत असतो, आणि एकाचा दुसऱ्याला होत नाही. त्यामुळे त्या माणसाचं ताट-टॉवेल वेगळं करू नका. आजारापेक्षा ती वागणूक जास्त लागते, हे मी पाहिलंय.

दुकानातून जंताच्या गोळ्या आणून घेत बसू नका. खरा इलाज म्हणजे तो बाहेर काढणं. डोळ्यापुरती भूल देऊन डॉक्टर पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याला बारीक छेद देतात आणि जंत सबंध ओढून घेतात. पांढरा, शिवणाच्या दोऱ्यासारखा, कधी 10-15 सेंमी लांब.

तो फेकू देऊ नका. तपासणीला पाठवायला सांगा. सूक्ष्मदर्शकाखाली रेपेन्सच्या अंगावर उभ्या रेघा दिसतात. डीएनए तपासणी करायची तर तुकडा अल्कोहोलमध्ये हवा, फॉर्मेलिनमध्ये ती नीट होत नाही.

कॅमेरून, काँगो, नायजेरियाकडे राहून आला असाल तर ते आधीच सांगा. तिकडे माशीमुळे होणारा लोआ लोआ हा दुसरा जंतही डोळ्यात दिसतो. रक्तात त्याच्या अळ्या फार असताना डीईसी किंवा आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध दिलं तर मेंदूवर बेतू शकतं.

गालावर, पापणीत किंवा छातीवर गाठ येऊन त्यातून रेपेन्स निघतो तेव्हा कॅन्सरच्या धास्तीने घर हादरतं. गाठ काढून पॅथॉलॉजीला पाठवली की उलगडा होतो.

घरात कुत्रा असेल तर पशुवैद्यांकडून त्याचं रक्त तपासून घ्या आणि प्रतिबंधक औषध त्यांनाच विचारून द्या. कोली जातीच्या कुत्र्यांना आयव्हरमेक्टिनचा मोठा डोस जिवावर बेततो.