लबाणा घराण्याची कुळनोंद कशी करावी

लबाणा या, बंजाऱ्यांप्रमाणे पूर्वी तांड्यांनी मालवाहतूक व व्यापार करणाऱ्या समाजातील एखाद्या घराण्याची वंशावळ लिहायला घेणाऱ्याने आडनावापासून सुरुवात करू नये. आपल्याकडे कुलवृत्तांत लिहिताना आडनाव हाती आले की निम्मे काम झाल्यासारखे वाटते, पण येथे तसे होत नाही. पंजाबातील शीख लबाण्यांच्या कागदांवर नावापुढे अनेकदा केवळ ‘सिंग’ किंवा ‘कौर’ असते. गुजरातेत दाहोद आणि पंचमहाल या भागांत ‘लबाणा’ हे समाजाचेच नाव आडनाव म्हणून लावतात, तर ‘नायक’ हे मुळात तांड्याच्या प्रमुखाचे पद असूनही त्याचे आडनाव झालेले आढळते. म्हणून वहीत प्रत्येक व्यक्तीपुढे समाज, गोत, पोटशाखा आणि कागदोपत्री आडनाव असे चार रकाने आखावेत, आणि एका रकान्यावरून दुसरा कधीही अंदाजाने भरू नये.

गोत आणि पोटशाखा यांची उतरंड कशी असते, हे वंशावळी राखणाऱ्या भाटांच्या वह्यांतून नीट कळते. १६७५ साली दिल्लीत शिखांचे नववे गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद झाल्यावर त्यांचे धड गाडीतून रायसीना येथे नेऊन, स्वतःच्या घराला आग लावून त्यांना अग्नी देणारा लखी शहा वणजारा भाटवहीत ‘जादव’ वंशातील, ‘बढतिया’ गोताचा आणि ‘कनावत’ शाखेचा म्हणून नोंदलेला आहे. एका माणसापुढे तीन नावे आली, तरी त्यांतले एकही आजच्या अर्थाने आडनाव नाही. ‘-वत’ हा शेवट बहुधा एखाद्या पूर्वजाचे वंशज दाखवतो, त्यामुळे असे नाव दिसले की ते गोत आहे की पोटशाखा, हे विचारून घ्यावे. भाटवह्यांच्या विश्वसनीयतेबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, हेही टिपणात लिहावे.

प्रत्यक्ष मुलाखतीत ‘तुमचे गोत कोणते’ हा प्रश्न सरळ विचारला, तर पुष्कळदा ‘आम्ही लबाणा’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी सोयरिकीविषयी बोलावे. पंजाबात लग्न जुळवताना स्वतःचे, आईचे, वडिलांच्या आईचे आणि आईच्या आईचे अशी चार गोते टाळण्याची जुनी रीत असल्याने, घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना कोणते स्थळ कशामुळे नाकारले हे पक्के आठवते, आणि त्या एका हकिकतीतून चार घराण्यांची नोंद हाती लागते. पेलिया, दातला, अजरावत, घोत्रा अशी नावे अशा बोलण्यात येतील. मात्र घोत्रा हे नाव इतर समाजांतही असल्याने केवळ त्यावरून कोणाला लबाणा ठरवणे चुकीचे होईल.

त्यानंतर कागदांकडे वळावे. पश्चिम पंजाबातील, म्हणजे आजच्या पाकिस्तानातील सियालकोट, गुजरात (हे भारतातील राज्य नव्हे) यांसारख्या जिल्ह्यांतील कुटुंबे १९४७ मध्ये पूर्वेकडे आली असल्याने सध्याच्या गावापेक्षा फाळणीपूर्वीच्या गावाचे नाव अधिक उपयोगाचे ठरते. हरिद्वारच्या पंड्यांच्या, म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वह्या मूळ गाव आणि जात यांनुसार लावलेल्या असतात, आणि महसूल दप्तरातील ‘शजरा नसब’ म्हणजे जमीनधारकांची वंशावळही गावावारच शोधावी लागते.

महाराष्ट्रातील कुटुंबाबाबत आणखी एक काळजी घ्यावी. येथे लभाण, लमाण आणि बंजारा ही नावे जुन्या कागदांत एकाच कुटुंबापुढे आलटूनपालटून येतात. राठोड, पवार, चव्हाण आणि जाधव ही बंजाऱ्यांची गोते आडनावे झाली आहेत. यांतली काही आडनावे मराठ्यांतही असल्याने त्यांवरून समाज कळत नाही, म्हणून पाडा, म्हणजे पोटशाखा, विचारावाच लागतो. परंपरेने चव्हाणांचे सहा, पवारांचे बारा आणि राठोडांचे सत्तावीस पाडे सांगितले जातात. तेलंगणात मात्र पाड्याचेच नाव आडनाव म्हणून लावतात, त्यामुळे नांदेडचा राठोड आणि सीमेपलीकडचा भुक्या एकाच गोताचे निघतात. लखी शहाच्या नोंदीतला ‘बढतिया’ आणि आपल्याकडे जाधव आडनाव लावणाऱ्यांचा ‘वडतिया’ यांतील साम्यही लक्षात घेण्याजोगे आहे. तरीही पंजाबी लबाण्यांच्या गोतांची यादी विदर्भातील तांड्यांवर जशीच्या तशी लादू नये, कारण धर्म, बोली आणि सोयरिकीची वर्तुळे वेगळी झाल्याला बराच काळ लोटला आहे.

नोंद जात पडताळणीसाठी हवी असल्यास शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर आणि कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी आधी मिळवाव्यात. महाराष्ट्रात बंजारा, लमाण यांचा समावेश असलेल्या विमुक्त जातींसाठी मानीव दिनांक, म्हणजे पुरावा ज्या तारखेआधीचा लागतो ती तारीख, २१ नोव्हेंबर १९६१ असल्यामुळे त्यापूर्वीच्या कागदाला वजन असते. त्यात जातीचे नाव ज्या अक्षरांत असेल त्याच अक्षरांत उतरवून घ्यावे, आणि आजचे रूढ रूप शेजारच्या रकान्यात निराळे लिहावे.