सलग वजाबाकीचे उत्तर चुकत असेल तर: माझा अनुभव

नाशिकमधील एका कांदा व्यापाऱ्यासाठी मी गणिती पदावली सोडवणारा छोटा प्रोग्राम लिहिला. भरलेल्या ट्रॉलीच्या वजनातून रिकामी ट्रॉली आणि घट वजा करताना ४५००−२५००−५० चे उत्तर १९५० ऐवजी २०५० येत असे. बेरीज आणि गुणाकार मात्र अचूक होते. दशांश संख्या वापरून पाहिल्या, चिन्हांचे अग्रक्रमही (कोणती क्रिया आधी करायची तो क्रम) बदलले, पण फरक पडला नाही आणि फार वैताग आला.

शेवटी प्रत्येक चिन्ह वाचल्यावर संख्यांचा आणि चिन्हांचा असे दोन्ही स्टॅक (शेवटी ठेवलेले आधी काढायचे अशा याद्या) छापले, तेव्हा दुसरे वजाचिन्ह येऊनही पहिले स्टॅकवरच राहते आणि त्यामुळे आधी २५००−५० सोडवले जाते, हे स्पष्ट दिसले. मग प्रथम, स्टॅकवरील चिन्ह काढण्याची अट ‘अग्रक्रम नव्या चिन्हापेक्षा जास्त’ याऐवजी ‘जास्त किंवा समान’ अशी केली. त्यानंतर उघडणाऱ्या कंसाला सर्वांत कमी अग्रक्रम दिला, जेणेकरून कंसाबाहेरची क्रिया आधी होऊ नये. घातांकासाठी मात्र जुनीच अट ठेवली, कारण २^३^२ चे उत्तर ५१२ यायला हवे, ६४ नव्हे. चाचणीत १००÷१०÷२ अवश्य घ्यावे. दोष असल्यास ५ ऐवजी २० येते.